मोहाखालचे एकतीस मीटर

या सदरातले अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतो आहे आणि खरं सांगायचं तर वाचून झाल्यावर बहुतेक मनातल्या मनात खोडून काढतो. अमुक वेळी दिवा गेला, तमुक दिवशी पावलं वाजली... पण मोजलं कोणी? कशानं? किती वेळा? मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. आमच्या मूल गावच्या राइस मिलपासून गुजरीतल्या भाजीवाल्यांपर्यंत सगळ्यांचे काटे माझ्या हाताखालून जातात. काटा चुकीचं दाखवत असेल तर कारण असतंच – एक तर आतली धार झिजली, नाहीतर दांडी वाकली, नाहीतर मालकाची नियत फिरली. चौथं कारण मला तीस वर्षांत भेटलं नव्हतं.

तरीही आज लिहायला बसलो आहे. यात भूत नाही. घाबरण्यासारखंही फारसं काही नाही. हे आठवलं की मला भीती वाटत नाही, लाज वाटते.

ही गोष्ट २००८ सालची. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो. माझा मेहुणा आखातात नोकरीला होता. सुटीवर आला तेव्हा त्यानं मला हातात मावेल एवढं जीपीएस यंत्र आणून दिलं. आकाशातल्या उपग्रहांवरून ते आपण उभे आहोत त्या जागेचे अक्षांश-रेखांश सांगतं. त्याला वाटलं, भाऊजींना आकड्यांचं वेड आहे, खेळतील. मी खेळलो नाही, तपासलं. कुठलाही काटा मी तपासल्याशिवाय वापरत नाही.

गच्चीच्या कठड्यात एक खिळा ठोकला. रोज सकाळी दुकानात जाण्याआधी दहा मिनिटं यंत्र त्या खिळ्यावर ठेवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. असे चाळीस दिवस. मग चाळीसही ठिपके आलेखाच्या कागदावर मांडले. धान पाखडताना सुपाभोवती दाणे सांडतात ना, तसे ते मधल्या खिळ्याभोवती सगळ्या बाजूंनी पसरले होते. सत्तावीस चार मीटरच्या आत, बारा नऊ मीटरच्या आत आणि एक तब्बल चौदा मीटर दूर. तो चौदावालाही मी टाकून दिला नाही. त्याच्यासमोर 'आभाळ होतं' असं लिहून ठेवलं.

माझी बायको रेहाना म्हणायची, "बाकीच्या बायांच्या गच्चीवर पापड वाळतात. आमच्या गच्चीवर हे उपग्रह वाळत घालतात."

त्या सुमारास इंटरनेटवर जगभरातले हौशी लोक मिळून एक फुकटचा नकाशा करत होते. मीही त्यात घुसलो. पद्धत सोपी होती – उपग्रहानं वरून काढलेला फोटो पडद्यावर घ्यायचा आणि त्यातले रस्ते, नाले, तलाव गिरवायचे. पण त्या फोटोत एक खोट असायची, तो जागेवर बसलेला नसायचा. मी आमच्या चौकात मधोमध उभा राहून घेतलेला बिंदू फोटोत एका घराच्या छपरावर पडला. मग सात चौक तपासले. सातही ठिकाणी फोटो अठरा ते वीस मीटर पश्चिमेला सरकलेला. म्हणजे आधी फोटो तेवढा ओढून जागेवर आणायचा, मग गिरवायचं. बरेच जण तसेच गिरवून मोकळे होत. मी माझा चाळीस दिवसांचा तक्ता आणि फोटो किती सरकवायचा याचा हिशेब त्या लोकांच्या ग्रुपवर टाकला. पुण्या-बंगळूरची शिकलेली पोरं मला 'सर' म्हणायला लागली. "सर, तुमचे चार मीटर म्हणजे चार मीटर." दहावी झालेल्या माणसाला याचं काय वाटतं ते मी सांगायला नको.

हे रेहानानं अम्मीच्या कानावर घातलं.

अम्मी तेव्हा बहात्तरची होती. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्यानं धूसर दिसायचं. ती खेड्यात वाढलेली, त्यामुळे आमच्या घरातल्या हिंदीपेक्षा तिच्या तोंडी झाडीपट्टीची बोलीच जास्त. एका सकाळी मी खिळ्यावर यंत्र ठेवत होतो, तर ती एक-एक पायरी धरत गच्चीवर आली.

"हे तुई मशीन जागा सापडोते म्हन्ते?"

"हो अम्मी."

"कोन्ती बी?"

"खाणाखुणा असल्या तर कोणतीही."

ती कठड्याला टेकून उभी राहिली. "मंग माह्या पोरीची सापडव," म्हणाली.

हे वाचणाऱ्यांना सांगायला हवं. माझे वडील कलईवाले होते. सुगी झाली की भाता, कथील, नवसागर घेऊन गावोगाव फिरायचे आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांना कलई करायचे. लग्न झाल्यावर अम्मीही बरोबर असायची. माझ्या जन्माच्या दोन वर्षं आधी ते दोघं एका गावात ढिवरांच्या अंगणात मुक्कामाला होते. ढिवर म्हणजे तलावात मासेमारी करणारे लोक. पाऊस लवकर लागला, नदीला पूर आला, वाट बंद झाली. त्यांच्याबरोबर तीन वर्षांची मुलगी होती, शमीम. तिला ताप आला आणि चौथ्या दिवशी ती गेली. जवळच्या कब्रस्तानापर्यंत नेणं शक्य नव्हतं. वडिलांनी तलावाच्या पाळीमागे, म्हणजे मातीच्या बांधामागे, तिला दफन केलं आणि वर एक दगड ठेवला. त्यानंतर वडील त्या गावाला कधी गेले नाहीत. त्यांनी अम्मीलाही जाऊ दिलं नाही. आता ते हयात नव्हते.

अम्मीला एवढंच हवं होतं, मरायच्या आधी एकदा मुलीच्या कबरीजवळ बसून फातिहा पढायचा. नेमक्या त्या जागेवर.

गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, वैनगंगा ओलांडून, मूलहून माझ्या मोटरसायकलच्या मीटरवर अठ्ठावन्न किलोमीटर. खरं नाव देत नाही, चिंचबोडी म्हणू. उपग्रहाचा स्पष्ट फोटो तेव्हा आमच्या भागाच्या थोड्याच पट्ट्याचा होता. चिंचबोडी नशिबानं त्यात होतं. अम्मीला जीपनं एवढं लांब न्यायचं तर आधी जागा पक्की करावी, म्हणून मार्चमध्ये मी एकटाच गेलो.

ज्यांच्या अंगणात माझे आईवडील राहिले होते ते घर सापडायला वेळ लागला नाही. त्या वेळी नवी नवरी म्हणून आलेली भागरथाबाई आता घरातली म्हातारी होती. तिचा मुलगा देवाजी जाळं विणत बसला होता. मी कोण ते सांगितल्यावर भागरथाबाईनं तोंडावर हात ठेवला.

"कलईवाल्याचा पोरगा? बाप्पा! अन् हे हातात काय होय? सडक येऊन राह्यली काय गावात?"

"सडक नाही बाई. यानं जागा मोजतात."

देवाजी म्हणाला, "मासे दिसत असंल तं सांगा भाऊ. मरळ कुठी बसली थेवढं सांगा, बाकी सोडा."

भागरथाबाई मला तलावावर घेऊन गेली. मोठी रुंद पाळ, तिच्या पायथ्याशी एक मोहाचं झाड, त्याच्याखाली घागरीएवढा एक दगड. दगड स्वच्छ होता, नुकतंच पाणी घातल्यासारखा. "दरसाल पानी घालतो आमी," ती म्हणाली. झाडाच्या पुढे धुरा, म्हणजे शेताचा उंचवटा, आणि धुऱ्यापलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, कापणी होऊन कोरडी पडलेली.

मी यंत्र दगडावर ठेवलं. भागरथाबाई माझ्याजवळ उभी राहून सांगू लागली, "भाऊ, हे पाळ पयले अशी नव्हती..."

मी म्हणालो, "बाई, दहा मिनिटं बोलू नका. रीडिंग चालू आहे."

आता हसू नका. जीपीएसला काय कान असतात? पण तीस वर्षांची सवय. काटा तपासताना मी दुकानदाराला नेहमी सांगतो – टेकू नका, पंखा बंद करा, बोलू नका. तेच तोंडातून निघालं. म्हातारी गप्प झाली, ती झालीच.

दहा मिनिटांनी आकडा घेतला. जागेवर ओढून बसवलेल्या फोटोची छापील प्रत माझ्याजवळ होती, मोह त्यात गोल ठिपक्यासारखा दिसत होता. माझा बिंदू मोहावर पडलाच नाही. धुरा ओलांडून दक्षिणेला बांधीत पडला. अंतर एकतीस मीटर.

फोटो चुकीचा बसला असेल म्हणून सांडव्यावर गेलो. फरक तीन मीटर. शाळेच्या कोपऱ्यावर चार. पुन्हा मोहाखाली, एकतीस. दिशाही तीच.

मग मी बांधीत गेलो, फोटोत बिंदू पडला होता बरोबर त्या जागी. यंत्र जमिनीवर ठेवलं. आकडा तोच. म्हणजे एकतीस मीटर अंतरावरच्या दोन जागा आणि यंत्र दोन्हीकडे एकच जागा दाखवत होतं – बांधीतली. दोन वेगळी वजनं ठेवून एकच आकडा दाखवणारा काटा दुकानात सापडला असता, तर मी तो तिथल्या तिथे सील केला असता.

आठवड्यानं पुन्हा गेलो, या वेळी दुपारी, कारण उपग्रह दिवसभर जागा बदलत असतात. चूक त्यांच्यामुळे असेल तर तीही बदलायला हवी. मोहाखाली दोनदा रीडिंग घेतलं. एकतीस. तीस. दिशा तीच, बांधीकडे. जाणकार म्हणतील, झाडाखाली सिग्नल पानांवर आपटतो, फांद्यांत अडकतो. मीही तेच म्हणालो. पण तशी चूक पसरते, सुपातल्या दाण्यासारखी. ही पसरत नव्हती, एकाच बाजूला जात होती.

घरी आल्यावर समोरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर बसलो आणि मोहाखालची चारही रीडिंग एकेक करून पुसली. यंत्रातून पुसली, कॉम्प्युटरमधून पुसली, वहीतलं पानही फाडलं. मनाला कारण दिलं, 'झाडाच्या पानांमुळे.' मार्चमध्ये मोहाला पान नसतं. सगळी पानं गळून नुसत्या फांद्या आणि फुलांचे गुच्छ असतात. झाडीपट्टीत राहणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे, मलाही होतं.

का पुसली? अम्मीला एक जागा हवी होती, दोन नव्हे. भागरथाबाईनं दाखवलेली जागा समोर होती, दगड होता. आणि दुसरं कारण जास्त खरं आहे. ती चार रीडिंग धरली असती तर ग्रुपवर गाजलेले माझे चार मीटर गेले असते.

मग मी माउसनं लाल फुली ओढून मोहावर आणली. सुरेख नकाशा छापला. फुलीखाली लिहिलं, 'अचूकता चार मीटर.' अम्मीनं तो कागद डोळ्यांजवळ धरला. अक्षरं तिला दिसली नसणार. "माह्या पोरानं मोजलं," ती रेहानाला म्हणाली. तो कागद तिनं उशीखाली ठेवला.

एप्रिलच्या शेवटी एका सकाळी जीप केली. अम्मी, रेहाना आणि मी. गावात पोचलो तेव्हा भागरथाबाई दाराशीच उभी होती. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या.

"कलईवाली! जित्ती हायेस व अजून?"

"तुयाआधी कशी मरू? तू तं माह्याहून मोठी होय."

"खोटं नको बोलू. माहे दात पाह्य, अन् तुये पाह्य."

"तुये असंल बत्तीस. मासे खाऊन खाऊन."

दोघी हसत होत्या आणि दोघींचे डोळे वाहत होते. तोवर वीसेक माणसं गोळा झाली होती. देवाजीनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मशीनवाले भाऊ येऊन राह्यले.

तलावाकडे निघालो. रेहानाच्या हातात उदबत्त्या आणि गुलाबाच्या पाकळ्या, माझ्या हातात नकाशा. अम्मीला मी दंडाला धरून नेत होतो. मोहाजवळ आल्यावर मी हात सोडला आणि म्हणालो, "अम्मी, हा बघ दगड."

ती थांबली नाही.

मोहाच्या बाजूनं ती तशीच पुढे गेली. धुऱ्यावर चढली – घरात उंबरा ओलांडतानाही भिंत धरणारी बाई – आणि पलीकडे बांधीत उतरली. धसकटांतून सरळ चालत गेली आणि एका जागी थांबली. कुठे, ते मला कोणी सांगायला नको होतं. मार्चमध्ये त्याच जागी मी यंत्र जमिनीवर ठेवलं होतं.

"इथी," ती म्हणाली आणि बसू लागली.

मी धावत गेलो. "अम्मी, इथे नाही. झाड तिकडे आहे. दगड झाडाखाली आहे."

"झाड कशाले? तिच्यावर झाड नव्हतं. झाड असतं तं पानी नसतं पडलं तिच्या अंगावर. मी थ्याच्यासाठीच रडत होती."

मागून भागरथाबाईचा आवाज आला, "बसू द्या ना भाऊ बाईले. थ्या जागी..."

मी तिच्याकडे न बघता हात वर केला, थांबा म्हणून. मग सगळ्यांसमोर नकाशा उघडला आणि माझ्या आईला म्हणालो, "अम्मी, पन्नास वर्षांनी तुला काय आठवणार? मी मोजलंय. चार मीटर. आकडा खोटं बोलत नाही."

गर्दीत कोणीतरी हसलं. अम्मी माझ्याकडे बघत होती. मग तिनं हात पुढे केला, उठव म्हणून.

"तू मोजलं असंल तं बराबर असंल," ती म्हणाली.

मी तिला धरून मोहाखाली आणलं. तिथं दगडाजवळ बसून तिनं फातिहा पढला. पाकळ्या टाकल्या. दोनदा मान वळवून बांधीकडे पाहिलं. मी ते पाहिलं आणि उदबत्ती लावण्यात गुंतल्यासारखं केलं.

जेवणं झाली. रेहानानं अम्मीला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. मी बसायला निघालो तेवढ्यात भागरथाबाईनं मला जीपच्या मागे ओढलं.

"भाऊ, आता तं बोलू काय?"

"बोला ना."

"पाळ पयले एवढी रुंद नव्हती. दुष्काळाच्या कामात वाढवली. तिथली माती काढली, मंग थ्या जागी बांधी पाडली. माहा सासरा मुकादमाले हात जोडून म्हने, इथी लेकरू हाय बाबा. थो म्हने, कागदावर नाई. मंग सासऱ्यानं दगड तेवढा उचलून मोहाखाली आनला. पोट्टी तिथीच हाय भाऊ. बाई जिथी उभी राह्यली ना, थेच जागा."

मी म्हणालो, "मग त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"सांगत होती तं. तुमी म्हन्ले, चूप बसा, मशीन चालू हाय." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "आता तुमी सांगा बाईले. आमाले राखता नाई आली तिची पोरगी. मले बाईच्या तोंडावर सांगाची हिम्मत नाई होत."

मी म्हणालो, "सांगतो."

अम्मी माझ्यापासून दहा पावलांवर बसली होती. जीपपासून बांधी जास्तीत जास्त दोनशे पावलं. तिला परत नेणं, तिथं बसवणं, पुन्हा फातिहा – अर्ध्या तासाचं काम. ती त्यासाठीच अठ्ठावन्न किलोमीटर आली होती. पण त्यासाठी मला त्या वीस माणसांसमोर नकाशाची घडी उघडून म्हणावं लागलं असतं की मी चुकलो. आणि नुसता चुकलो नाही, मशीननं मला चार वेळा सांगितलं होतं आणि मी ते पुसलं.

मी जीपमध्ये बसलो. म्हणालो, चला.

पुढच्या आठवड्यात एकटाच गेलो. भागरथाबाईला जागेवर उभं केलं आणि दगडापासून टेप ओढली. तीस मीटर ऐंशी सेंटिमीटर. मग यंत्र मोहाखाली ठेवलं. त्या दिवशी सहा रीडिंग घेतली, नंतरही अनेकदा घेतली. सगळी मोहावरच पडली. तीन मीटर, चार मीटर, एकदा सात. व्यवस्थित पसरलेली, सुपातल्या दाण्यासारखी. एकतीस पुन्हा कधी आलं नाही.

मनात ठरवलं होतं, पावसाळा जाऊ दे, धान निघालं की अम्मीला पुन्हा नेऊ आणि सांगू. अम्मी पोळ्याच्या आठवड्यात गेली. न्युमोनिया झाला होता. तिच्या उशीखाली तो नकाशा होता.

रेहानाला सगळं सांगितलं ते त्यानंतर. ती म्हणाली, "मला सांगून काय होणार? मला सांगायचं नव्हतं ते." मग आम्ही दोघं चिंचबोडीला गेलो. बांधीत तेव्हा गुडघाभर धान होतं. धुऱ्यावर उभं राहूनच फातिहा पढलो. मी पढलेला आणि शमीमच्या आईनं पढलेला, यात किती फरक असतो ते मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

हे ग्रुपवर मोघम लिहिलं तेव्हा एकानं विचारलं, "सर, ती फाइल टाकता का? आपण तपासू." बरोबर आहे. मीही तेच विचारलं असतं. पण फाइल नाही, पान नाही, चार आकड्यांतला एकही नाही. ज्या माणसानं आभाळ होतं म्हणून चौदा मीटरचा ठिपकासुद्धा जपून ठेवला, त्यानं आयुष्यातला एकच न समजलेला आकडा स्वतःच्या हातानं पुसला. त्यामुळे तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवला नाहीत, तर मला तक्रार नाही.

खुलासे मी पुष्कळ करून पाहिले. अम्मीच्या पायांना वाट आठवली असेल, हे मी समजू शकतो. पाळ बदलली होती, बांध्या नव्या होत्या, डोळे गेले होते, तरी समजू शकतो. आई आहे. पण यंत्र? त्याला फक्त स्वतः कुठे आहे एवढंच कळतं. जमिनीत कोण आहे ते त्याला कळत नाही. पाण्याचं परावर्तन धरलं, तर तलाव उलट्या बाजूला होता. लोखंड धरलं, तर तिथे लोखंड नव्हतं. उपग्रह धरले, तर दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या वेळी तीच दिशा कशी? आणि आम्ही तिथे जाऊन आल्यावर ते बंद का झालं? या सदरात शास्त्र शिकलेले वाचक आहेत. कोणाला सुचलं तर जरूर लिहा. मला सुचलेलं नाही, आणि सुचेल अशी आशाही मी सोडली आहे.

एक गोष्ट मात्र मी वर लिहिली नाही. लिहवत नव्हती.

त्या दिवशी परतताना गाव मागे पडल्यावर अम्मीनं पुढच्या सीटवरून मान न वळवता विचारलं, "तिथीच होती ना रे ते?"

भागरथाबाईला 'सांगतो' म्हणून मला पाव तासही झाला नव्हता.

"हो अम्मी. चार मीटर."

"मंग माहे पाय तिकडं काऊन जात होते बाप्पा?"

मी म्हणालो, "तिकडे उतार आहे अम्मी. उताराकडे पाय आपोआप जातात."

ती म्हणाली, "असंल."

धानाच्या बांधीत उतार नसतो. पाणी सारखं उभं राहावं म्हणून ती पाटासारखी सपाट करतात. माझ्या आईनं लग्नाच्या आधी आठ-दहा वर्षं दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणी केली होती.

वैनगंगेचा पूल आल्यावर तिनं डबा उघडला, भाकर मोडली आणि अर्धी मागे माझ्याकडे धरली.

"खा," म्हणाली. "तिथी नीट जेवला नाई तू. म्या पाह्यलं."

मी ती घेतली आणि खाल्ली.